इथे पाऊस कमी पडतो

ओर्फेलिना लेपिओच्या कॅम्पिंगवर येणारा प्रत्येक माणूस पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारतो, "मावशी, उद्या ऊन पडेल का?" ओर्फेलिना कणीक मळता मळता सांगते, "पडेल." कुठे पडेल ते ती सांगत नाही, आणि कुणी विचारतही नाही.

चिलोए बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर आमचं कोइपुए गाव. एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे वाळूच्या टेकड्या आणि मागे जंगल. जंगल असं, की आत शिरलेली गाय तीन दिवसांनी सापडली तरी लवकर सापडली म्हणायचं. या सगळ्याला सरकार पार्क म्हणायला लागलं तेव्हा ओर्फेलिना तेवीस वर्षांची होती. फाटक आलं, फाटकाला साखळी आली, साखळीमागे वनरक्षक आला. ओर्फेलिना टोपली घेऊन किनाऱ्यावर शिंपले काढायला निघाली, तर तो तिकीट मागायला लागला.

"माझा जन्म आतला आहे, बाळा," ती म्हणाली. "बाहेर आले तेव्हा कुणी तिकीट मागितलं नाही. आता आत जायलाच कशाला?"

त्याने बराच वेळ विचार केला आणि साखळी खाली सोडली. पुढे वनरक्षक बदलत गेले, पण ओर्फेलिना दिसली की साखळी खाली सोडायची, एवढं प्रत्येक जाणारा येणाऱ्याला शिकवून गेला.

नवरा गेल्यावर तिने कॅम्पिंग काढलं. नवऱ्याचं नाव अनीबाल. त्याने घर बांधलं ते तळ्याचं पाणी समुद्राला नेणाऱ्या नदीच्या अगदी काठावर, कारण त्याला खिडकीतून गळ टाकायचा होता. आयुष्यभरात त्याने खिडकीतून दोन मासे पकडले. घराभोवतीच्या गवतावर ओर्फेलिनाने चार खुंट्या ठोकल्या, पाटी लावली, आणि सांतियागोची पोरं पाठीवर बिऱ्हाड घेऊन यायला लागली.

ही पोरं उन्हाचे तंबू घेऊन येतात. तंबू उभा राहताना ओर्फेलिना बघते आणि मनाशी आकडा धरते. हा दोन रात्री टिकेल, हा एक, तो पिवळा संध्याकाळच्या चहा-पावापर्यंत. मग एकेक जण ओलाचिंब होऊन तिच्या स्वयंपाकघरात येतो. तिथे लोखंडी चूल आहे, चुलीवर एक लांब तार आहे आणि तारेवर मोजे वाळत असतात. परत गेल्यावर ही पोरं मित्रांना तळ्याचं सांगतात, समुद्राचं सांगतात, जंगलातल्या लाल खोडांच्या झाडांचं सांगतात. पुढच्या वर्षी परत येतात ती मात्र त्या तारेसाठी.

सगळं बिनसलं ते एका पाटीवरून.

रस्त्यापलीकडच्या चढावर सेगुंदो ग्वेन्तेओ राहतो. अनीबालचा जिवाभावाचा मित्र. ओर्फेलिनाच्या मुलाला, नेल्सनला, बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर धरलं ते यानेच. तेव्हापासून ओर्फेलिना त्याला कोंपाद्रे म्हणायची आणि तो तिला कोमाद्रे. आमच्याकडे हे नातं रक्ताच्या नात्याहून थोडं वरचं धरतात, कारण रक्ताचं नातं काही आपण निवडलेलं नसतं. तर ओर्फेलिनाच्या कॅम्पिंगला एक उन्हाळा झाला आणि दुसऱ्या उन्हाळ्यात सेगुंदोनेही आपल्या गवतावर कॅम्पिंग काढलं. तेही चाललं असतं. माणसं येतात तेवढी येतात, दोघांनी वाटून घ्यावी. पण त्याने कुंपणावर पाटी लावली, चांगली हातभर लांब, निळ्या रंगात: "इथे पाऊस कमी पडतो."

दोन्ही कॅम्पिंगांमध्ये अंतर तीनशे पावलांचं!

ओर्फेलिनाच्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा जाऊन पुरतं दीड वर्ष झालं नव्हतं, आणि ज्याने आधार द्यायचा तो मित्र पाऊस सगळा तिच्या दारात ढकलून मोकळा झाला. तिने त्याला विचारलं नाही, भांडली नाही. नुसतं बोलणं टाकलं. सेगुंदोचं कॅम्पिंग तीन उन्हाळ्यांत बंद पडलं, कारण पाऊस तिथेही तेवढाच पडायचा आणि मोजे वाळवायला त्याच्याकडे काही नव्हतं. पाटी मात्र त्याने काढली नाही. ओर्फेलिनाने बोलणं सुरू केलं नाही. याला एकोणीस वर्षं झाली.

आणि आता नदी.

गेल्या दोन हिवाळ्यांत नदीने काठ खाल्ला. आधी कोंबड्यांचं खुराडं गेलं, मग दोन खुंट्यांची जागा गेली. या फेब्रुवारीत ओर्फेलिनाने मोजलं, तर घराच्या मागच्या भिंतीपासून पाणी सात पावलांवर. मार्चची मोठी भरती आली की घर जाणार. हे वनरक्षकानेसुद्धा येऊन सांगितलं, आणि तो तर वाळवंटातल्या गावचा.

नेल्सन पुएर्तो मोंतला चौथ्या मजल्यावर राहतो. तो फोनवर म्हणाला, "आई, पुरे आता. ये इकडे. इथे हीटर आहे."

ओर्फेलिना एकदा त्याच्याकडे अकरा दिवस राहून आली होती. खिडकीतून बघायचं तर समोर दुसऱ्यांच्या खिडक्या, आणि त्यातून बघणाऱ्या दुसऱ्या म्हाताऱ्या. बाराव्या दिवशी तिने बोचकं बांधलं. आता घर गेलं तर परत बांधायची ताकद चौसष्टाव्या वर्षी तिच्यात नव्हती, आणि घर नाही म्हणजे चूल नाही, तार नाही, कॅम्पिंग नाही. मग राहिल्या त्या समोरच्या खिडक्या. हे तिला स्वच्छ कळत होतं आणि त्याची तिला भीती वाटत होती.

उपाय होता. रस्त्याच्या वरच्या अंगाला तिचीच बटाट्याची पट्टी होती, उंच आणि कोरडी. घर तिथे न्यायचं. आमच्याकडे घर हलवतात म्हणजे सामान नव्हे, घरच हलवतात. खाली ओंडके घालायचे, दोर बांधायचे, बैल जुंपायचे आणि भिंती, छप्पर, दारं सगळं ओढत न्यायचं. एवढ्यासाठी गाव गोळा होतं, त्याला मिंगा म्हणतात. कामाची मजुरी कुणी घेत नाही, पोटभर खायला मात्र लागतं.

पट्टीत खोट एकच. ती सेगुंदोच्या कुंपणाला लागून होती, आणि घर तिथे ठेवलं की स्वयंपाकघराच्या खिडकीतून बरोबर ती पाटी दिसणार होती. या एका कारणापायी ओर्फेलिनाने एक अख्खा हिवाळा घालवला होता.

मिंगाचे नियम साधे आहेत. ज्याचं घर, त्याने दारोदार जायचं. फोन चालत नाही, निरोप चालत नाही, चुलतभावाच्या तोंडून तर मुळीच चालत नाही. दारात उभं राहायचं, पूर्ण नाव घ्यायचं आणि विनवायचं. विनवलं की समोरच्याला नाही म्हणता येत नाही. आणि विनवलं नाही तर त्याला येता येत नाही, मग घर त्याच्या डोळ्यांदेखत वाहून का जाईना. न बोलावता मिंगाला जाणं म्हणजे न बोलावता लग्नाला जाऊन वर आहेराची पिशवी उघडून बघणं.

ओर्फेलिना तीन दिवसांत एकतीस दारं फिरली. जाता-येता सेगुंदोच्या फाटकावरून ती सहा वेळा गेली. सहाही वेळा तिने बुटाची नाडी सुटली का ते बघितलं. तिच्या बुटांना नाड्या नाहीत, ते रबरी आहेत.

बैलांना हाकारे देऊन घर चालवायचं काम म्हाताऱ्या बेलार्मिनोचं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, गावात त्याच्या शब्दाबाहेर कुणी नाही. त्याने विचारलं, "सेगुंदोला विनवलंस?"

"पाच जोड्या झाल्यात. पुरतील."

"मी जोड्यांचं विचारलं नाही."

"तुम्ही तुमच्या दोरांचं बघा," ओर्फेलिना म्हणाली आणि बटाटे सोलायला बसली.

शनिवारी सकाळी माणसं जमली. घरातली चूल बाहेर काढली, खिडक्यांच्या काचा उतरवल्या, तारेवरचे मोजे ज्याचे त्याला दिले. घराच्या चारी कोपऱ्यांवर देवळातलं पाणी शिंपडून झालं. बटाट्याच्या पट्टीच्या खालच्या टोकाला खड्डा खणून त्यात दगड तापत ठेवले. शिंपले, डुकराचं मांस, बटाटे सगळं थरावर थर घालून छत्रीएवढ्या पानांनी झाकलं. कॅम्पिंगवरची पोरंही उत्साहाने दोर धरायला आली. त्यांना कुणी विनवलं नव्हतं, पण ती सांतियागोची, त्यांना काय माहीत.

रोमिना नावाची मुलगी तिसऱ्या उन्हाळ्याला आली होती. ती चढाकडे बोट दाखवून म्हणाली, "मावशी, तिथे वर बैलांच्या दोन जोड्या जुंपलेल्या दिसतायत. त्या कुणाच्या?"

"कुणाच्या नाहीत," ओर्फेलिना म्हणाली.

बेलार्मिनोने हाक दिली. पाच जोड्यांनी माना खाली घातल्या, दोर ताणले गेले, आणि घर कण्हत कण्हत जागेवरून उठलं. अकॉर्डियनवाला पुढे वाजवत चालला. घर गवतावरून गेलं, कुंपणातून गेलं, रस्त्यावर आलं, आणि रस्त्यावरच्या खोलगट जागेत जाऊन बसलं. तिथे खाली चिखल आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पाच जोड्या ते निभावून नेतील असं प्रत्येकाला वाटलं होतं, कारण दुसऱ्या प्रत्येकाला तसं वाटत होतं.

बैल ओढतात, घर हलत नाही. एक दोर तुटला. दुसरा बांधला, तोही तुटला. एक बैल गुडघ्यांवर आला आणि त्याने उठायला साफ नकार दिला.

आता हा रस्ता म्हणजे पार्कला जायचा एकुलता एक रस्ता. फेब्रुवारीतला शनिवार. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या, टपांवर लाटांवर घसरायच्या फळ्या बांधलेल्या. घर रस्ता भरून उभं, शेजारून बकरीही जाईना. घराला पुढे एक दार, मागे एक दार. तासाभराने लोक पुढच्या दाराने घरात शिरून मागच्या दाराने पार्कमध्ये जायला लागले. वनरक्षक मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसला आणि तिथेच तिकिटं फाडायला लागला. ओर्फेलिना रिकाम्या स्वयंपाकघरात उभी होती, आणि येणाऱ्या प्रत्येकाला म्हणत होती, "पाय पुसा." लोक पाय पुसत होते.

तीन वाजले. पाचला भरती होती, आणि भरतीला त्या खोलगट जागेत कमरेइतकं पाणी चढतं. ओंडके तरंगले की घर कुठे जाईल ते सांगायला बेलार्मिनोची गरज नव्हती. तरी तो आला, टोपी काढून दारात उभा राहिला.

"ओर्फेलिना, या पाच जोड्यांनी होत नाही."

"आणखी बैल आहेत का किनाऱ्यावर?"

"आहेत. विनवलेले नाहीत."

तेवढं बोलून तो गेला. माणसं हातातले दोर बघत उभी होती, कुणी चढाकडे बघत नव्हतं. अकॉर्डियनवाल्यानेही वाजवायचं थांबवलं.

ओर्फेलिनाने एप्रनला हात पुसले आणि मागच्या दाराने बाहेर पडली. वनरक्षक सवयीने तिकीट मागणार होता, पण तिचा चेहरा बघून त्याने खुर्चीच बाजूला घेतली.

चढ दीडशे पावलांचा. एवढ्यात तिने काय काय बोलायचं ते ठरवलं. पाटीचं आधी काढायचं. मग अनीबालचं. मग रस्ता अडलाय, पर्यटकांची गैरसोय होतेय, गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे, असं म्हणायचं. फाटकाशी पोचली आणि सगळं विसरली.

अंगणात बैलांच्या दोन जोड्या उभ्या होत्या. जू शिंगांना घट्ट बांधलेलं, दोर गुंडाळून वर ठेवलेला. बैलांच्या मागे शेणाचा ढीग पडला होता, आणि तो ढीग बघून कुणालाही सांगता आलं असतं की हे पहाटेपासून जुंपलेले आहेत. बाकावर सेगुंदो ग्वेन्तेओ बसला होता. मिशा कापलेल्या, अंगात देवळात जायचा सदरा, हातात पराणी.



"रस्ता अडलाय," ओर्फेलिना म्हणाली.

"दिसतंय."

"पाचला भरती."

"माहीत आहे."

"बैल जुंपलेले दिसतात."

"हवा खातायत," सेगुंदो म्हणाला.

ओर्फेलिनाला वाटलं, आल्या पावली परत जावं. घर गेलं तर गेलं. मग तिला त्या खिडक्या आठवल्या. तिने फाटकाची दांडी दोन्ही हातांनी धरली, आणि एकतीस दारांत म्हटलेले शब्द बत्तिसाव्या दारात म्हटले. 

"सेगुंदो ग्वेन्तेओ, मला माझं घर हलवायचंय. माझ्या एकटीने होत नाही. तुमच्या दारात उभी राहून मी विनवते. या."

सेगुंदो उठला, सदरा झटकला.

"येतो, कोमाद्रे," तो म्हणाला. "सहा वेळा गेलात इथून. दर वेळी मी टोपी घालून दारामागे उभा राहायचो. मान दुखायला लागली माझी."

दोघं बैल घेऊन उतरायला लागले. पाटीजवळ आल्यावर ओर्फेलिनाला राहवलं नाही.

"ती पाटी का लावलीत मेली?"

"गंमत म्हणून लावली. वाटलं, तुम्ही याल, चार शिव्या द्याल, बसाल, चहा घ्याल. अनीबाल गेल्यापासून तुम्ही हसायचंच सोडलं होतं." त्याने बैलांना पराणी दाखवली. "तुम्ही आलाच नाहीत. मग काढू कशी? काढली असती तर म्हणाला असतात, घाबरला."

"म्हणालेच असते," ओर्फेलिना म्हणाली.

चार पावलांनी तिने आणखी एक विचारलं. गावात प्रत्येक जण हे विचारायचा, फक्त सेगुंदोला नाही. "तुम्हाला शेत नाही, नांगर नाही. शेत नसलेल्या बाकीच्यांनी केव्हाच बैल विकले. तुम्ही दोन-दोन जोड्या कशाला पोसता?"

सेगुंदो बैलांकडे बघत चालत होता. "घर बांधताना मी अनीबालला सांगितलं होतं, नदीला एवढं चिकटू नको, एक दिवस ती इकडे येणार. तो म्हणाला, येऊ दे, तेव्हा ओढू, तुझे बैल आहेतच." त्याने पराणी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. "म्हणून ठेवले. या जोड्या तिसऱ्या. आधीच्या दोन्ही वेळच्या वाट बघता बघता म्हाताऱ्या होऊन मेल्या."

ओर्फेलिना रस्त्यातच थांबली. तिला रडू आलं, आणि आलं ते तिने येऊ दिलं. सेगुंदो बैलांना घेऊन पुढे गेला, कारण कुणी रडत असताना बघत उभं राहायची त्याला सवय नव्हती.

सात जोड्या लागल्या आणि घर चिखलातून निघालं. निघताना असा आवाज झाला की रांगेतल्या दोन गाड्या मागे सरकल्या. मागच्या दाराशी त्या वेळी एक बाई अर्धी आत, अर्धी बाहेर होती; ती तशीच चाळीस पावलं घरातून पार्ककडे गेली आणि उतरताना बेलार्मिनोला थँक्यू म्हणाली. पाचला भरतीचं पाणी खोलगट जागेत चढलं तेव्हा तिथे वनरक्षकाची खुर्ची तेवढी होती.

घर बटाट्याच्या पट्टीवर, कुंपणापासून पाच पावलांवर बसलं. चूल आत गेली, काचा लागल्या, तार बांधली. खड्ड्यावरची पानं काढली तेव्हा मांस जरा जास्तच शिजलं होतं, पण कुणी बोललं नाही. सेगुंदोने तीन ताटं खाल्ली. एकोणीस वर्षांचं आहे, असं तो म्हणाला.

मग पाऊस आला. आमच्याकडे येतो तसा, आडवा, समुद्राकडून. सांतियागोची पोरं नव्या जागेतल्या जुन्या स्वयंपाकघरात घुसली. मोजे तारेवर गेले. सेगुंदो चुलीजवळच्या बाकावर अनीबालच्या जागेवर बसला होता आणि त्याचेही मोजे तारेवर होते.

रोमिना खिडकीशी उभी राहून केस पिळत होती. बाहेर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तळं नाही, समुद्र नाही. दिसत होती ती एकच गोष्ट, पाच पावलांवरची निळी पाटी.

"मावशी," ती म्हणाली, "जागा बदलली, पण इथेही पडतोच की हो पाऊस!"

ओर्फेलिनाने चुलीत एक लाकूड सारलं, किटली पुढे ओढली आणि सेगुंदोचे मोजे उलटे करून वाळत घातले.

"पडतो," ती म्हणाली. "पण इथे कमी पडतो."